बोटीचा बंगला उतरवताना

माझा धंदा इमारती उतरवण्याचा. लोक पाडण्याचा म्हणतात, आणि भोरच्या बाजारात माझी ओळखही तशीच आहे. पण आमचे वडील 'पाडणं' हा शब्द कामावर उच्चारू देत नसत. पाडायला काय लागतं, नुसती वाट बघत बसलं तरी भिंत आपणहून पडते, असं ते म्हणायचे. उतरवणं म्हणजे इमारत ज्या क्रमाने वर चढली त्याच्या उलट क्रमाने तिला खाली आणणं. आधी कौलं, मग कौलांखालच्या रिपा, मग वासे, मग आढं, मग दारं-खिडक्या चौकटीसकट आणि सगळ्यात शेवटी भिंती. एकही वासा मोडता कामा नये, कारण निघालेला माल हीच आमची कमाई. तो आमच्या गोदामात येऊन पडतो आणि तिथून कुणाच्या तरी गोठ्यावर, नाहीतर पुण्यातल्या एखाद्या हौशी माणसाच्या हॉटेलात जातो.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला धरणाकाठच्या रिसॉर्टांच्या बांधकामाचा इतिहास लिहायला सांगितला. मी म्हटलं, बाई, इतिहास बांधणाऱ्याला विचारा, मी पुसणारा माणूस. तर म्हणाल्या, बांधणाऱ्याला त्याने बांधलेलं तेवढं माहीत असतं, तुम्ही सगळ्यांचं आतून बघितलंय. हे काही खोटं नाही. आढ्यावर काय दडवलंय, प्लास्टरच्या आत वीट आहे की विटेचा चुरा, हे आम्हालाच कळतं. फक्त कळतं तेव्हा त्याचा कुणाला उपयोग राहिलेला नसतो. आता गुडघे कुरकुरतात, शिडी चढवत नाही, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

तर पहिली गोष्ट ही की आमच्या भोर-वेल्ह्यात समुद्र नाही. वरंधा घाट उतरून कोकणात गेलं की तो लागतो. आमच्याकडे आहेत ती धरणं. पण या धरणांच्या काठाकाठाने हौसेने जे जे म्हणून बांधलं गेलं, ते सगळं समुद्राकडे बघून बांधलेलं आहे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. मी ते हाताने सुटं केलंय म्हणून सांगतो.

सगळ्यात जुने ते धरणं बांधणाऱ्या गोऱ्या साहेबांचे बंगले. ते लोक खरोखर समुद्रावरून आलेले, पण समुद्र मुंबईतच ठेवून इकडे आले होते. कमरेइतकं दगडी जोतं, चारी बाजूंनी ओसरी, आणि छप्पर इतकं खाली ओढलेलं की आत जाताना मान वाकवावी लागते. पश्चिमेला खिडकी जवळजवळ नाहीच. आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. डोंगरावरच्या धनगरवाड्यांतली घरंसुद्धा त्या अंगाने कुडाने बंद केलेली असतात. साहेबांनी ती बघितली असावीत. असा एक बंगला मी दुरुस्तीला घेतला होता. तो उतरवायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं.

त्यानंतर आले मुंबईचे शेठ लोक, समुद्रकाठच्या हॉटेलांत सुट्ट्या घालवलेले. त्यांना पाण्याकडे तोंड करून बसायचं होतं. मग पाणी पश्चिमेला असलं तरी बंगल्याचं तोंड पश्चिमेलाच. सपाट स्लॅब, गोलाकार बाल्कन्या, लोखंडी पाइपांचे कठडे, जहाजाला असतात तशा गोल खिडक्या आणि सगळ्याला पांढराशुभ्र रंग. दोन पावसाळ्यांत स्लॅब ठिबकायला लागायचा. मग त्यावर पत्रा. पत्रा वाऱ्याने नेला की त्यावर वासे टाकून कौलं. म्हणजे खालून जहाज आणि वरून शेतकऱ्याचं घर. असले बंगले उतरवताना आम्ही आधी शेतकरी उतरवायचो आणि मग जहाजाला हात घालायचो.

पुढे गोव्याची साथ आली. जांभ्या दगडासारखा रंगवलेला गिलावा, कमानी, निळ्या चौकटी, भिंतीत दाबून बसवलेले शिंपले आणि ट्रकातून आणलेले माड. माड पहिल्या थंडीत माना टाकायचे. शिंपले मात्र टिकले. आमच्या गोदामात अजून एक पोतं भरून पडलेत, गिऱ्हाईक नाही. या साथीतले एक मालक मला चांगले आठवतात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं आणि रिसॉर्टच्या समोर पाण्याऐवजी नुसता गाळ आणि त्यात उगवलेलं गवत राहतं. त्या गवतावर धनगरांच्या म्हशी यायच्या. मालकांनी धनगरांना बोलावून विनंती केली की म्हशी जरा पलीकडे चारा, पाहुण्यांना समुद्रकिनाऱ्यासारखं वाटत नाही. धनगर बिचारे पलीकडे गेले. पुढच्या उन्हाळ्यात पाहुणेच विचारायला लागले की त्या म्हशी कुठं गेल्या, फोटो काढायचेत. तेव्हा मालक पुन्हा धनगरांच्या दारात. ते रिसॉर्टही मीच उतरवलं. म्हशी अजून तिथेच चरतात.

आणि हल्लीचं म्हणाल तर कुठल्या तरी लांबच्या बेटावरचं. प्लास्टिकचं गवत शाकारलेली छपरं, काचेचे घुमट, तळ्याच्या काठावर तळ्यासारखा दिसणारा पोहण्याचा हौद. यातून आमच्या हाताला काही लागत नाही. सगळं डिंकाने चिकटवलेलं असतं, सुटं करायला गेलं की चुरा होतो. आमच्या चिरंजिवांनी म्हणूनच जेसीबी घेतला. त्याचं बरोबर आहे. मी महिनाभर जे उतरवत बसतो ते तो चहा गार व्हायच्या आत आडवं करतो.

आता आमच्या टोळीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. टोळी म्हणजे राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावातली आणि आसपासची माणसं. त्यांचा मुकादम मारुतीनाना, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे. घर उतरवायच्या सकाळी त्या घरात राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने चुलीत पाणी ओतायचं, निखारे विझले की मग पहिलं कौल निघणार. चूल पेटती असताना छपराला हात लावायचा नाही. पेटत्या चुलीवरचं छप्पर काढणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट ओढणं, असं मारुतीनानाचं म्हणणं. बहुतेक ठिकाणी घरची म्हातारी पाणी ओतते, थोडी रडते आणि मग आम्हाला चहा कुठून मिळणार याची चौकशी करते.

रिसॉर्टांत ही रीत चालवणं म्हणजे एक करमणूक असते. तिथं कुणी राहतच नाही, सगळे येऊन जाणारे. एका ठिकाणी मॅनेजरला मी समजावून सांगितलं, तर त्याने गॅसच्या शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं, वर नारळ फोडला आणि सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ केला. टोळीचं समाधान झालं. मी तेव्हापासून प्रत्येक रिसॉर्टात शेगडी कुठं आहे ते आधी बघून ठेवायला लागलो.

बोटीच्या बंगल्यावरही हेच केलं. वेल्ह्याकडच्या एका धरणाच्या काठावर हा बंगला होता, मी वर सांगितलेल्या जहाजी बंगल्यांपैकी सगळ्यात जुना आणि सगळ्यात देखणा. बांधणाऱ्या शेठनी पुढचा भाग बोटीच्या नाकाडासारखा निमुळता काढला होता आणि गच्चीवर झेंड्याची काठीसुद्धा लावली होती. आसपासचे लोक त्याला नुसतं 'बोट' म्हणायचे. 'बोटीवर कामाला हाय' असं कुणी सांगितलं तर नवख्या माणसाला वाटावं, स्वारी परदेशी जाऊन आली. शेठ वारले, मुलं परदेशात, आणि बंगला पुण्याच्या निखिल नावाच्या तरुणाने घेतला. त्यांना सगळे निखिल सर म्हणतात. माणूस वाईट नव्हता. वडीलधाऱ्यांशी अदबीने बोलायचा. त्यांना तिथे नवीन रिसॉर्ट करायचं होतं आणि पावसाच्या आत जागा मोकळी पाहिजे होती.

त्यांच्या मॅनेजरने गॅसच्या शेगडीवर पाणी ओतलं, नारळ फुटला, आणि टोळी वर चढली. पश्चिमेकडची कौलं उतरवून झाली होती, मारुतीनाना आढ्यावर बसला होता. तिथून त्याला बंगल्याच्या मागच्या बाजूने धूर वर येताना दिसला. तो शिडीवरून ज्या घाईने उतरला त्यावरून मला वाटलं, गांधीलमाश्या उठल्या.

बंगल्याच्या मागे भिंतीला टेकून एक कौलारू खोली होती. मी तिला कोळशाची, लाकडाची खोली समजून सोडून दिलं होतं. आत ठकूबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या.

ठकूबाईंना ओळखत नाही असा माणूस त्या काठावर नसेल. पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या. त्यांचे यजमान कोंडिबा बोटीवर राखणदार होते, त्या स्वयंपाक करायच्या. येणाऱ्या पाहुण्यांना आतल्या गॅसवरचं इंग्रजी जेवण मिळायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे मागच्या दाराने येऊन ठकूबाईंच्या चुलीवरचं पिठलं मागायचे. कोंडिबा जाऊन बरीच वर्षं झाली. मूल-बाळ नाही. नवीन मालकांनी त्यांना सांगितलं होतं की नवीन रिसॉर्ट झालं की कामगारांच्या खोल्यांत तुम्हाला एक खाट मिळेल, जेवण मेसचं. चुलीला परवानगी नव्हती.

मारुतीनानाने तिथेच हात जोडले आणि पश्चिमेची कौलं काढून झाली म्हणून त्यांची माफी मागितली. मग टोळीला खाली बोलावलं. ते सगळे आंब्याखाली जाऊन बसले, आणि त्या दिवसापासून बसूनच राहिले.

मी ठकूबाईंना रीत सांगायला गेलो, तर ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. म्हणूनच त्या चूल विझू देत नव्हत्या. पहाटे पेटवायच्या, दिवसभर काहीतरी शिजत ठेवायच्या, आणि निजायच्या आधी निखारे राखेखाली झाकून ठेवायच्या. माझ्याशी भांडल्या नाहीत. मला आणि टोळीला चहा दिला, तोही त्याच चुलीवरचा. टोळीने तो मुकाट्याने प्यायला.

दोन्हीकडून माझीच पंचाईत. निखिल सरांचे रोज फोन. आभाळात ढग जमायला लागलेले, अर्धं छप्पर उघडं, आणि खालचा जुना स्लॅब आधीच चाळण झालेला. घरी चिरंजीव म्हणायचे, बाबा, माझा ड्रायव्हर लांबच्या मुलखातला आहे, त्याला चुलीचं काही देणं-घेणं नाही. सोमवारी मशीन पाठवतो, मंगळवारी मोकळे व्हाल. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजीच होती. बाप दमलाय हे त्याला दिसत होतं. आणि मी खरंच दमलो होतो. इतका, की एका संध्याकाळी मी निखिल सरांना सांगून टाकलं, सोमवारी मशीन येईल.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईंना ते सांगायचं काम माझ्याकडेच होतं. मी उंबऱ्याशी बसलो. सांगितलं की आता टोळी नाही, मशीन येणार. मशीन काही सुटं करत नाही, सगळं एकत्र चिरडून ढीग करतं. तुमची खोलीही त्यातच जाईल. तुम्ही आधी बाहेर पडा.

त्यांनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "ही खोली बोटीची न्हाई, दादा. ही आमची हाय."

मला वाटलं, इतकी वर्षं राहिलेलं माणूस असं म्हणणारच. पण त्यांनी जे सांगितलं ते वेगळं होतं. बोट बांधून झाली तेव्हा शेठनी आत चूल मांडू दिली नव्हती, पांढऱ्या रंगाला धूर लागेल म्हणून. राखणदाराला राहायला खोलीही ठेवली नव्हती. म्हणून कोंडिबा वरच्या वाडीत गेले आणि स्वतःचं घर उतरवून खाली घेऊन आले. वासे, रिपा, कौलं, दाराची चौकट, सगळं डोक्यावरून. ते त्यांच्या आजोबांनी बांधलेलं घर होतं. वाडीत आता त्या घराचं नुसतं जोतं उरलंय, पुतण्या त्यावर शेळ्या बांधतो.

"आन् चूल?" त्या म्हणाल्या. "घर उतरीवलं तवा माज्या सासूनं चूल इजवली न्हाई. गाडग्यात इस्तू घातला आन् डोंगर उतरून हितं आणला. त्याच इस्तवावर ही पेटवली. सासूनं इजवली न्हाई, ती म्या इजवू व्हय?"

इस्तू म्हणजे विस्तव. मी चुलीकडे बघत राहिलो. ती आग किती जुनी आहे हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. सासूला तिच्या सासूकडून मिळाली होती, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग मी उठून बाहेर गेलो आणि खोली जिथे बंगल्याला टेकते तिथला गिलावा नखाने खरवडून बघितला. हे मी आधीच बघायला हवं होतं, पण कोळशाच्या खोलीकडे कोण बघतं. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या की एकीची वीट दुसरीत अडकलेली असते. मागाहून टेकवलेली असली की मध्ये रेघ राहते. इथे रेघ होती. बोटीची भिंत विटेची आणि खोलीची कारवीच्या कुडावर मातीचा लेप दिलेली. वर बघितलं तर खोलीचं आढं बोटीवर कुठेच टेकलेलं नव्हतं, स्वतःच्या दोन मेढींवर, जमिनीत रोवलेल्या खांबांवर, उभं होतं. वाशांना लोखंडी खिळा नव्हता, लाकडी खुंट्या होत्या. आम्ही त्या काठावर इतक्या इमारती उतरवल्या, पण समुद्राकडे न बघता बांधलेली साहेबाच्या बंगल्यानंतरची एवढी एकच जागा मला भेटली. तिचं दार पूर्वेला होतं.

मी निखिल सरांना फोन केला आणि म्हटलं, मागची खोली आपल्या बंगल्याचा भाग नाही, ती या बाईंच्या यजमानांनी आणून उभी केली आहे, ती मी त्यांना उतरवून देतो. मला वाटलं होतं वाद होईल. ते म्हणाले, काका, न्या की, मला तर तो पसारा नकोच आहे. एवढ्या सहज म्हणाले की मला उलट वाईट वाटलं. इतके दिवस एक बाई चुलीला चिकटून बसली होती आणि ज्याच्यापासून ती खोली वाचवत होती त्याला खोली नकोच होती.

राहिला प्रश्न चुलीचा. पाणी ओतायचं नाही आणि पेटत्या चुलीवरचं छप्पर काढायचं नाही. मी मारुतीनानापुढे विषय ठेवला. तो टोळीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना घेऊन आंब्याखाली बसला. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण एखाद्या खटल्याचा निकाल लागावा तसं ते चाललं होतं. शेवटी येऊन म्हणाला, "चूल रिकामी झाली म्हंजी झालं. इस्तू मेलाच पायजे आसं कुटं हाय? त्यो मानसासंगं जातोय."

म्हणजे विस्तव खोलीच्या बाहेर पडला की छपराला हात लावायला हरकत नाही, फक्त तो वाटेत विझता कामा नये. विझला तर काय, असं मी विचारलं. त्यावर मारुतीनाना शिडी आणायला गेला.

सोमवारचं मशीन मी चिरंजिवांना सांगून पुढे ढकललं. त्यांनी फोनवर नुसता सुस्कारा सोडला. ठकूबाईंनी सकाळी शेवटच्या भाकरी केल्या, सगळ्या टोळीला वाढल्या आणि मग चिमट्याने एक-एक निखारा उचलून मातीच्या गाडग्यात भरला, खाली-वर गोवरीची राख. चुलीत हात फिरवून बघितला. गाडगं फडक्यात बांधून बाहेर आल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मारुतीनानाने पहिलं कौल काढलं. खोली दुपारपर्यंत उतरली. एक वासा मोडला नाही, एक कौल फुटलं नाही.

माल टेम्पोत भरला. ठकूबाई ड्रायव्हरशेजारी गाडगं मांडीवर घेऊन बसल्या. पासलीच्या पुढे टेम्पो जात नाही, तिथून डोक्यावरून. चढ उभा आहे. मी अर्ध्यात बसलो, पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. मध्येच पावसाचा शिडकावा आला, तेव्हा सगळ्यांनी ओझी खाली ठेवली आणि ठकूबाईंच्या भोवती कोंडाळं करून उभे राहिले. कुणी डोक्यावरची टोपी काढून गाडग्यावर धरली. त्यांनी आत फुंकर घातली तेव्हा राखेखाली लाल दिसलं. त्या क्षणी मला रडू आलं. कारण सांगता येणार नाही. दमलेला माणूस कशानेही रडतो.

पुतण्याने शेळ्या सोडून जोतं झाडून ठेवलं होतं. वासे आपापल्या खोबणीत बसले. कोंडिबांनी काढताना कोळशाने खुणा केलेल्या होत्या, त्या अजून वाचता येत होत्या. मोठा पाऊस यायच्या आत छप्पर चढलं. चिरंजिवांच्या मशीनने बोट दीड दिवसात संपवली. गोल खिडक्यांच्या तेवढ्या चौकटी मी सोडवून आणल्या, त्या गोदामात आहेत.

इथे लेख संपवता आला असता. पण गेल्या थंडीत निखिल सरांचा फोन आला. रिसॉर्टचं उद्घाटन होतं. मला बोलावलं आणि ठकूबाईंना घेऊन या म्हणाले, त्यांच्यासाठी एक गंमत आहे. मी वर वाडीत गेलो. त्या यायला तयार नव्हत्या, पण एवढ्या लांबून माणूस बोलवायला आलाय म्हणून नेसलेल्या लुगड्यावर शाल घेऊन निघाल्या.

नवीन रिसॉर्ट आता तुमच्या डोळ्यांपुढे आणायची गरज नाही, काचेचे घुमट वगैरे वर सांगितलेच आहेत. पण बरोबर मध्यावर, पाण्याकडे तोंड करून, एक कौलारू खोली होती. मातीच्या रंगाच्या भिंती, लाकडी मेढी, आत चूल. निखिल सरांनी कौतुकाने सांगितलं की उतरवायच्या आधी त्यांच्या आर्किटेक्टने जुन्या खोलीचे फोटो काढून ठेवले होते, त्यावरून हुबेहूब बनवली आहे. पाहुण्यांना हल्ली समुद्रबिमुद्र नको असतो काका, असं मला म्हणाले, त्यांना गाव पाहिजे असतं. मी भिंत नखाने खरवडून बघितली. आत सिमेंट होतं, वरून मातीचा रंग. चुलीत लाकडं रचलेली होती, पण जाळ मागून येणाऱ्या गॅसच्या नळीतून होणार होता.

निखिल सर ठकूबाईंच्या पाया पडले. मनापासून पडले, खोटं नाही. म्हणाले, "आजी, ही तुमचीच खोली आहे. पहिली चूल तुमच्या हाताने पेटवायची. आणि शनिवार-रविवार येऊन इथे भाकरी करायच्या, गाडी न्यायला येईल."

पाहुणे मोबाईल काढून उभे होते. ठकूबाईंनी खोली नीट बघितली. मेढीवरून हात फिरवला, वर कौलांकडे बघितलं, आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या.

"चांगली केलीया," त्या म्हणाल्या. "पर म्या न्हाई पेटवायची. म्या आजपतूर चूल इजवली न्हाई, बाबा. ही पेटवली तर येक दिस इजवाया मलाच यावं लागंल."

निखिल सर हसले. "आजी, ही कशाला विझवायची? हे आता कायमचं आहे."

हे वाक्य मी या काठावरच्या प्रत्येक मालकाकडून ऐकलेलं आहे. साहेबांचं तेवढं माहीत नाही, पण शेठनीही कोंडिबांना हेच सांगितलं असणार. ठकूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यास्नी इचारा," त्या म्हणाल्या.

मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मला खोटं बोलवेना, आणि खरं सांगून त्या पोराचा दिवस खराब करायचं जिवावर आलं.

"बांधकाम चांगलं झालंय, सर," मी म्हणालो. "पण चूल दुसऱ्या कुणाकडून तरी पेटवून घ्या. वयाने लहान असेल असं कुणीतरी बघा."